शांतिसेनेचा ताळेबंद : श्रीलंकेतील लष्करी हस्तक्षेपाने काय साधले?

विशेष प्रतिनिधी

परक्या देशात सैन्य धाडताना प्रत्येक सरकार उदात्त हेतूंचा उच्चार करते. कोणी लोकशाहीच्या रक्षणाचा दाखला देते, कोणी अल्पसंख्याकांच्या सुरक्षिततेचा, तर कोणी शेजारच्या अस्थैर्याचा. सैन्य परतल्यानंतर मात्र जमाखर्च मांडण्यास फारसे कोणी उत्सुक नसते. भारताने १९८७ ते १९९० या काळात श्रीलंकेत राबविलेली शांतिसेनेची मोहीम याला अपवाद नाही. संयुक्त राष्ट्रांच्या ध्वजाविना, केवळ द्विपक्षीय कराराच्या आधारे स्वतंत्र भारताने परदेशात केलेली ही सर्वांत दीर्घ लष्करी कारवाई होय. सुमारे ३२ महिने ती चालली आणि जवळपास बाराशे भारतीय जवान तीत कामी आले.

या मोहिमेची उद्दिष्टे कोणती होती, त्यांपैकी कोणती साध्य झाली आणि जी साध्य झाली ती सैन्यामुळे झाली काय, या प्रश्नांची उत्तरे तपासल्याशिवाय अशा हस्तक्षेपाचे समर्थन किंवा निषेध दोन्ही अपुरे ठरतात.

संघर्षाची पार्श्वभूमी

श्रीलंकेच्या लोकसंख्येत सिंहली भाषकांचे प्रमाण सुमारे तीन चतुर्थांश आहे. उत्तर व पूर्व भागात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे श्रीलंकन तामिळ हा तेथील प्रमुख अल्पसंख्य समाज. १९५६ मध्ये सॉलोमन भंडारनायके यांच्या सरकारने सिंहली ही एकमेव राजभाषा ठरविणारा कायदा केला. सरकारी नोकऱ्यांची दारे त्यामुळे तामिळ तरुणांना हळूहळू बंद होत गेली. १९७० च्या दशकात विद्यापीठ प्रवेशाचे नियम बदलण्यात आले आणि १९७२ च्या राज्यघटनेने बौद्ध धर्माला अग्रस्थान दिले. १९७६ मध्ये वट्टुकोट्टाई येथील अधिवेशनात तामिळ नेत्यांनी स्वतंत्र राज्याचा ठराव केला. १९८१ मध्ये सुमारे ९७ हजार ग्रंथ असलेले जाफन्याचे सार्वजनिक ग्रंथालय जाळण्यात आले. ही घटना तामिळ समाजाच्या मनात खोलवर रुतून बसली.

२३ जुलै १९८३ रोजी जाफन्याजवळ ‘लिबरेशन टायगर्स ऑफ तामिळ ईलम’ अर्थात लिट्टे या संघटनेने दबा धरून १३ श्रीलंकन सैनिकांना ठार केले. त्याची प्रतिक्रिया म्हणून कोलंबोसह अनेक शहरांत तामिळांविरुद्ध भीषण दंगली उसळल्या. मृतांचा अधिकृत आकडा काही शेकड्यांचा असला, तरी अन्य अंदाज तीन हजारांपर्यंत जातात. पुढील काळात लाखाहून अधिक तामिळ निर्वासित समुद्र ओलांडून तामिळनाडूच्या किनाऱ्याला लागले. श्रीलंकेचा अंतर्गत प्रश्न येथूनच भारताच्या दारी आला.

नवी दिल्लीने यावर दुहेरी धोरण स्वीकारले. एकीकडे ‘रॉ’ या गुप्तचर संघटनेमार्फत तामिळ बंडखोर गटांना भारतीय भूमीवर प्रशिक्षण व शस्त्रे देण्यात आली. दुसरीकडे भारत सरकार कोलंबो आणि तामिळ गट यांच्यात मध्यस्थी करीत राहिले. १९८५ मध्ये भूतानच्या थिम्फू येथे झालेली बोलणी याच मध्यस्थीचा भाग होती व ती निष्फळ ठरली. तामिळ जनतेला न्याय मिळावा, परंतु श्रीलंकेचे विभाजन होऊ नये, अशी भारताची भूमिका होती. स्वतःच्या सीमांमध्ये फुटीर चळवळींशी झुंजणाऱ्या देशाला शेजारी नवे राष्ट्र निर्माण होणे परवडणारे नव्हते. स्वतंत्र ईलमसाठी प्राण देण्याची शपथ घेतलेल्या लिट्टेला मात्र ही मर्यादा मान्य नव्हती. हस्तक्षेपाचा पुढील सारा इतिहास या एका विसंगतीतून घडला.

करार आणि त्यातील उद्दिष्टे

मे १९८७ मध्ये श्रीलंकेच्या सैन्याने जाफना द्वीपकल्पातील वडमराच्ची भागात मोठी मोहीम उघडली. अन्न व औषधांची टंचाई निर्माण झाली. भारताने मदतसामग्री घेऊन पाठविलेल्या मच्छीमार बोटींचा ताफा श्रीलंकेच्या नौदलाने ३ जून रोजी परत धाडला. दुसऱ्याच दिवशी, ४ जून १९८७ रोजी, भारतीय हवाई दलाच्या पाच एएन-३२ विमानांनी मिराज-२००० लढाऊ विमानांच्या संरक्षणात जाफन्यावर सुमारे २५ टन मदतसामग्री टाकली. ‘ऑपरेशन पूमलाई’ नावाच्या या कृतीतून कोलंबोला योग्य तो संदेश मिळाला आणि वाटाघाटींना वेग आला.

२९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत पंतप्रधान राजीव गांधी व राष्ट्राध्यक्ष जे. आर. जयवर्धने यांनी करारावर स्वाक्षऱ्या केल्या. दुसऱ्या दिवशी मानवंदना स्वीकारत असताना एका श्रीलंकन नौसैनिकाने राजीव गांधी यांच्यावर रायफलीच्या दस्त्याने हल्ला केला. कराराबद्दल सिंहली जनमत किती प्रक्षुब्ध होते, याची ती जगासमोर आलेली पहिली खूण होती.

कराराची उद्दिष्टे दोन प्रकारची होती. पहिल्या प्रकारात तामिळांच्या प्रश्नाचा समावेश होता. युद्धविराम, बंडखोरांचे निःशस्त्रीकरण, उत्तर व पूर्व प्रांतांचे तात्पुरते विलीनीकरण, त्यावर पूर्व प्रांतात १९८८ अखेर जनमत, निवडून आलेली प्रांतिक परिषद आणि सिंहलीच्या जोडीने तामिळ व इंग्रजीला राजभाषेचे स्थान या त्यातील प्रमुख बाबी. दुसऱ्या प्रकारची उद्दिष्टे मुख्य करारासोबत दोन्ही नेत्यांनी परस्परांना दिलेल्या पत्रांत होती. त्रिंकोमाली किंवा श्रीलंकेचे अन्य कोणतेही बंदर भारताच्या हिताला बाधक ठरेल अशा रीतीने परकीय लष्करी वापरासाठी दिले जाणार नाही, परकीय नभोवाणी केंद्रांच्या वापराचा फेरविचार होईल आणि त्रिंकोमाली येथील तेलटाक्यांचा विकास भारताच्या सहकार्याने होईल, अशी आश्वासने त्यांत होती. शीतयुद्धाच्या त्या काळात हिंदी महासागरातील परकीय वावराची चिंता दिल्लीला तामिळ प्रश्नाइतकीच भेडसावत होती.

या कराराची सर्वांत दुबळी कडी स्वाक्षऱ्यांच्या जागीच होती. ज्यांनी शस्त्रे खाली ठेवायची, ती लिट्टे करारात पक्षकारच नव्हती. संघटनेचा प्रमुख वेलुपिल्लई प्रभाकरन याला दिल्लीत आणून एका हॉटेलात बंदोबस्तात ठेवण्यात आले व त्याचे मन वळविण्याचे प्रयत्न झाले. जाफन्यात परतल्यावर ४ ऑगस्ट रोजी सुथुमलाई येथील सभेत त्याने शस्त्रे भारताच्या स्वाधीन करण्याची तयारी दाखविली, परंतु स्वतंत्र ईलमचे ध्येय सोडलेले नसल्याचेही त्याच भाषणात स्पष्ट केले. भारताने मात्र निःशस्त्रीकरणाची हमी कोलंबोला लेखी दिली होती. दुसऱ्याच्या हातातील शस्त्रांविषयी दिलेली ही हमी पुढे भारतीय जवानांना निभवावी लागली.

रक्षणकर्ते झाले शत्रू

३० जुलै १९८७ पासून मेजर जनरल हरकिरत सिंग यांच्या नेतृत्वाखालील ५४ व्या पायदळ डिव्हिजनच्या तुकड्या पलाली विमानतळावर उतरू लागल्या. जाफन्यातील तामिळ जनतेने त्यांचे हारतुऱ्यांनी स्वागत केले. सैन्याला सांगितलेले काम शस्त्रे जमा करून घेण्याचे व युद्धविरामावर देखरेख ठेवण्याचे होते. लढाईची अपेक्षा नसल्याने जड शस्त्रसामग्री, जाफन्याचे तपशीलवार नकाशे आणि लिट्टेच्या तयारीची विश्वसनीय माहिती यांची वानवा होती.

ऑगस्टमध्ये काही शस्त्रे जमा झाली, नंतर हा ओघ आटला. १५ सप्टेंबर रोजी लिट्टेचा नेता तिलीपन याने भारताविरुद्ध मागण्या मांडून आमरण उपोषण आरंभले. २६ सप्टेंबरला त्याचा मृत्यू झाला आणि जाफन्याचे जनमत फिरले. ऑक्टोबरच्या आरंभी श्रीलंकेच्या नौदलाने लिट्टेच्या १७ जणांना समुद्रात पकडले. त्यांना चौकशीसाठी कोलंबोला नेण्याचा हट्ट श्रीलंकेने धरला. तो रोखण्यात भारताला अपयश आले आणि त्यांपैकी १२ जणांनी सायनाइड घेऊन प्राण दिले. त्यात कुमारप्पा व पुलेंद्रन हे महत्त्वाचे नेते होते. यानंतर लिट्टेने युद्धविराम झुगारून सिंहली नागरिकांच्या हत्या सुरू केल्या. १० ऑक्टोबरच्या सुमारास शांतिसेनेने ‘ऑपरेशन पवन’ हाती घेतले. तामिळांच्या रक्षणासाठी गेलेले सैन्य अडीच महिन्यांत एका तामिळ संघटनेशी युद्धाला उभे राहिले.

जाफन्याची लढाई

११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या परिसरात असलेल्या लिट्टेच्या मुख्यालयावर छापा घालून नेतृत्व ताब्यात घेण्यासाठी हेलिकॉप्टरमधून कमांडो व शीख लाइट इन्फंट्रीचे जवान उतरविण्यात आले. शत्रू आधीच सावध होता. तीव्र गोळीबारामुळे पुढील हेलिकॉप्टरे उतरू शकली नाहीत. शीख लाइट इन्फंट्रीच्या तेराव्या पलटणीच्या उतरलेल्या ३० जवानांपैकी २९ जण रात्रभर व सकाळपर्यंत लढून धारातीर्थी पडले आणि एक पकडला गेला.

त्यानंतर गल्लीबोळांत, घरोघरी, सुरुंग पेरलेल्या रस्त्यांवरून लढत सैन्याने ऑक्टोबरअखेर शहराचा ताबा घेतला. थोड्या दिवसांत आटोपेल असा अंदाज बांधलेल्या मोहिमेला अडीच वर्षे पुरली नाहीत. प्रभाकरन व त्याचे प्रमुख सहकारी निसटून वन्नीच्या जंगलात गेले आणि युद्धाने गनिमी काव्याचे रूप धारण केले. एका डिव्हिजनने सुरू झालेल्या मोहिमेत अखेर चार डिव्हिजन गुंतल्या. कमाल संख्या ७० ते ८० हजारांच्या घरात गेली.

या लढाईशी महाराष्ट्राचाही निकटचा संबंध आहे. १९४१ मध्ये बेळगावात उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटच्या आठव्या पलटणीत मेजर रामस्वामी परमेश्वरन होते. त्यांचा जन्म मुंबईतला आणि शिक्षण शीवच्या एसआयईएस महाविद्यालयात झालेले. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी शोधमोहिमेवरून रात्री परतत असताना त्यांच्या तुकडीवर दबा धरून हल्ला झाला. छातीत गोळी लागलेली असतानाही त्यांनी समोरच्या बंडखोराच्या हातातील रायफल हिसकावून त्यालाच ठार केले आणि अखेरच्या श्वासापर्यंत तुकडीला आदेश देत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र प्रदान करण्यात आले. श्रीलंकेतील मोहिमेत हा सन्मान मिळालेले ते एकमेव होत.

या युद्धाची झळ सामान्य तामिळ नागरिकांना सर्वाधिक बसली. २१ व २२ ऑक्टोबर १९८७ रोजी जाफना रुग्णालयात रुग्ण, डॉक्टर व कर्मचारी मिळून ६० ते ७० जण गोळीबारात मृत्युमुखी पडले. हे चकमकीत सापडल्याचे भारतीय बाजूने सांगण्यात आले, तर प्रत्यक्षदर्शींनी ते अमान्य केले. ऑगस्ट १९८९ मध्ये वल्वेट्टीतुराई येथे सैनिकांवरील हल्ल्यानंतर पन्नासहून अधिक नागरिक मारले गेल्याच्या वृत्तांनी तामिळ जनमत आणखी दुरावले. जाफना विद्यापीठातील शरीररचनाशास्त्राच्या प्राध्यापिका डॉ. रजनी तिराणगामा यांनी सहकाऱ्यांसह शांतिसेना आणि लिट्टे या दोहोंच्या अत्याचारांची नोंद केली होती. २१ सप्टेंबर १९८९ रोजी घरी परतताना त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. संशयाची सुई लिट्टेकडे वळली. दोन बंदुकांच्या मध्ये सापडलेल्या समाजाची अवस्था त्यांच्या मृत्यूने अधोरेखित केली.

कोणालाच नकोशी

लिट्टेने बहिष्कार घातलेल्या निवडणुकीतून नोव्हेंबर १९८८ मध्ये उत्तर-पूर्व प्रांतिक परिषद अस्तित्वात आली. ईपीआरएलएफ या गटाचे वरदराज पेरुमल मुख्यमंत्री झाले. परंतु त्यांची सत्ता भारतीय संगिनींच्या आधारावर उभी आहे, ही भावना पुसली गेली नाही.

सिंहली बहुसंख्य दक्षिणेत भारतीय सैन्याची उपस्थिती हाच जनता विमुक्ती पेरामुना या डाव्या राष्ट्रवादी पक्षाच्या सशस्त्र उठावाचा मुद्दा बनला. हा उठाव चिरडताना १९८९ अखेरपर्यंत हजारो सिंहली तरुणांचे बळी गेले. डिसेंबर १९८८ च्या निवडणुकीत विजयी झालेले रणसिंगे प्रेमदासा यांनी शांतिसेनेला घालवून देण्याचे आश्वासन दिले होते. १ जून १९८९ रोजी त्यांनी २९ जुलैपर्यंत सैन्य मागे घेण्याची जाहीर मागणी केली. इतकेच नव्हे, तर प्रेमदासा सरकारने भारतीय सैन्याविरुद्ध लढण्यासाठी लिट्टेला शस्त्रे पुरविल्याचे नंतर उघड झाले. ज्या सरकारच्या निमंत्रणावरून सैन्य आले होते, त्याच्याच उत्तराधिकाऱ्याने त्या सैन्याच्या शत्रूला बळ दिले.

डिसेंबर १९८९ मध्ये भारतातही सत्तांतर झाले. पंतप्रधान विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या सरकारने माघार पूर्ण केली. २४ मार्च १९९० रोजी अखेरच्या तुकडीने त्रिंकोमाली सोडले. मद्रास बंदरातील स्वागत समारंभाला तामिळनाडूचे मुख्यमंत्री एम. करुणानिधी यांनी उपस्थित राहण्याचे नाकारले. जीव धोक्यात घालून परतलेल्या जवानांना मायदेशातही मोकळ्या मनाने स्वागत मिळाले नाही.

मोजलेली आणि न मोजलेली किंमत

संरक्षण मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार या मोहिमेत १,१६५ जवान मृत्युमुखी पडले व ३,००९ जखमी झाले. थेट खर्च हजार कोटी रुपयांच्या घरात गेला. अपंगत्व घेऊन परतलेल्यांच्या पुढील आयुष्याचा किंवा जाफन्यातील नागरी हानीचा समावेश या हिशेबात नाही.

राजकीय किंमत त्याहून मोठी ठरली. जून १९९० मध्ये ईपीआरएलएफचे नेते के. पद्मनाभा यांची मद्रासमध्ये सहकाऱ्यांसह हत्या झाली. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूर येथे लिट्टेच्या आत्मघातकी पथकाने राजीव गांधी यांचा बळी घेतला. ज्यांच्या हातात भारताने शस्त्रे दिली होती, त्यांनीच भारताच्या माजी पंतप्रधानाची भारताच्या भूमीवर हत्या केली. १९९२ मध्ये भारताने लिट्टेवर बंदी घातली. १ मे १९९३ रोजी कोलंबोत प्रेमदासा हेही आत्मघातकी हल्ल्यात मारले गेले. लिट्टेशी सोयरीक करणाऱ्या दोन्ही सरकारांना त्याची जबर किंमत मोजावी लागली.

काय साधले, काय नाही?

मोहिमेच्या समर्थकांचे युक्तिवाद दुर्लक्षिण्यासारखे नाहीत. १९८७ मध्ये भारत पुढे आला नसता, तर जाफना द्वीपकल्पातील मोठ्या लोकसंख्येवर सैनिकी कारवाईचे अरिष्ट तेव्हाच कोसळले असते, असे ते सांगतात. सैन्याने जाफना जिंकले, लिट्टेला शहरांतून हुसकावले, निवडणुका पार पाडल्या आणि सरकारने बोलावताच शिस्तबद्ध माघार घेतली. लष्कराने आपले काम केले, अपयश राजकीय नेतृत्वाचे होते, असा त्यांचा निष्कर्ष असतो.

तथापि उद्दिष्टांची एकेक करून तपासणी केल्यास चित्र वेगळे दिसते. युद्धविराम अडीच महिने टिकला. निःशस्त्रीकरण झाले नाही. उलट माघारीनंतर तीनच महिन्यांत, जून १९९० मध्ये, लिट्टे व श्रीलंका सरकार यांच्यात पुन्हा युद्ध पेटले. प्रांतांच्या विलीनीकरणावरील जनमत कधीच घेतले गेले नाही. श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००६ मध्ये हे विलीनीकरण अवैध ठरविले आणि १ जानेवारी २००७ पासून दोन्ही प्रांत पुन्हा वेगळे झाले. तामिळांची सुरक्षितता तर दूरच राहिली. मे २००९ मध्ये संपलेल्या युद्धाच्या अखेरच्या टप्प्यात सुमारे ४० हजारांपर्यंत नागरिक मारले गेले असावेत, असे संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी नेमलेल्या समितीने २०११ मध्ये नमूद केले. श्रीलंका सरकारने हा आकडा फेटाळला.

टिकून राहिलेल्या बाबी दोन. पहिली म्हणजे नोव्हेंबर १९८७ मध्ये संमत झालेली श्रीलंकेच्या राज्यघटनेतील तेरावी दुरुस्ती. प्रांतिक परिषदा आणि तामिळ भाषेचा राजभाषेचा दर्जा तिने दिला. जमीन व पोलीस यांविषयीचे अधिकार प्रांतांना प्रत्यक्षात मिळाले नाहीत. मुदत संपलेल्या परिषदांच्या निवडणुकाही वर्षानुवर्षे लांबत गेल्या. तरीही तामिळ नेते आणि भारत सरकार यांच्या हाती आजही तोच एक घटनात्मक आधार आहे. दुसरी बाब म्हणजे पत्रांतील आश्वासने. त्रिंकोमालीच्या तेलटाक्यांबाबत २००३ मध्ये इंडियन ऑइलच्या उपकंपनीशी व्यवहार झाला आणि जानेवारी २०२२ मध्ये ६१ टाक्यांच्या संयुक्त विकासाचा करार झाला. बंदरांबाबतचे आश्वासन मात्र काळाच्या ओघात पातळ होत गेले. २०१४ मध्ये चिनी पाणबुडी कोलंबोत नांगर टाकून गेली आणि २०१७ मध्ये हंबनटोटा बंदर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीकडे गेले.

या यादीतून एक गोष्ट ठळकपणे समोर येते. जे टिकले, ते स्वाक्षरी, विधिमंडळ व व्यापार यांच्या मार्गाने आले. तेराव्या दुरुस्तीला गती मिळाली ती ४ जूनच्या हवाई मदतीने निर्माण झालेल्या दबावातून आणि त्यापाठोपाठच्या करारातून. त्या दिवशी एकही गोळी झाडावी लागली नव्हती. ज्या कामासाठी ७० हजारांहून अधिक सैन्य गुंतले, ते निःशस्त्रीकरणाचे व शांततेचे काम अपुरे राहिले. शांतिसेनेच्या ताळेबंदातील जमेच्या बाजूचा मोठा भाग सैन्य पाठविण्यापूर्वीच पदरात पडला होता आणि खर्चाची जवळजवळ सारी बाजू त्यानंतरची आहे.

बांगलादेश आणि मालदीव

भारताचे इतर दोन हस्तक्षेप याच कसोटीवर उजळून निघतात. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले होते. निर्वासितांना सुरक्षितपणे परत जाता यावे, हे उद्दिष्ट स्पष्ट होते. आदल्या वर्षीच्या निवडणुकीत बहुमत मिळविलेले स्थानिक नेतृत्व आणि मुक्तिवाहिनी भारतासोबत होती. ३ डिसेंबरला सुरू झालेले युद्ध १६ डिसेंबरला ढाक्यातील शरणागतीने संपले आणि मार्च १९७२ मध्ये भारतीय सैन्य मायदेशी परतले. किंमत कमी नव्हती. दोन्ही आघाड्या मिळून साडेतीन हजारांहून अधिक भारतीय सैनिकांनी प्राण दिले. परंतु ज्यासाठी प्राण दिले, ते घडले.

३ नोव्हेंबर १९८८ रोजी मालदीवमध्ये भाडोत्री सशस्त्र टोळीने सत्ता उलथण्याचा प्रयत्न केला. राष्ट्राध्यक्ष मौमून अब्दुल गयूम यांनी मदत मागितल्यावर त्याच रात्री आग्र्याहून निघालेले भारतीय छत्रीधारी सैनिक हुलहुले विमानतळावर उतरले. काही तासांत राष्ट्राध्यक्ष सुरक्षित झाले आणि ओलिसांसह पळणारे जहाज नौदलाने समुद्रात अडविले. उद्दिष्ट मर्यादित होते, शत्रू निश्चित होता आणि काम संपल्याचे कधी म्हणायचे हे आधीच ठाऊक होते. श्रीलंकेत यांपैकी काहीच नव्हते.

इतरांचा अनुभव

अन्य देशांच्या अनुभवातूनही हेच दिसते. व्हिएतनामने जानेवारी १९७९ मध्ये कंबोडियातील ख्मेर रूज या नरसंहारी राजवटीचा अंत दोन आठवड्यांत केला, पण तेथून पाय काढण्यास सप्टेंबर १९८९ उजाडला. सोव्हिएत संघाने १९७९ ते १९८९ या काळात अफगाणिस्तानात १४ हजारांहून अधिक सैनिक गमावले. १९९२ मध्ये त्याचे पाठबळ असलेले सरकार कोसळले. इराकमधील सर्वसंहारक शस्त्रे नष्ट करण्यासाठी अमेरिकेने २००३ मध्ये युद्ध पुकारले. शस्त्रे सापडली नाहीत, उद्दिष्ट मात्र लोकशाहीच्या स्थापनेपर्यंत विस्तारले. सुमारे साडेचार हजार अमेरिकी सैनिक व लाखाहून अधिक इराकी नागरिक त्यात बळी पडले.

अफगाणिस्तानातील अमेरिकेची मोहीम श्रीलंकेची आठवण सर्वाधिक करून देते. अल-कायदाचा बंदोबस्त करण्यासाठी २००१ मध्ये गेलेले सैन्य नवे राष्ट्र उभारण्याच्या कामात वीस वर्षे अडकले. फेब्रुवारी २०२० मध्ये दोहा येथे अमेरिका व तालिबान यांच्यात करार झाला. त्यात काबूलचे सरकारच पक्षकार नव्हते. १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल तालिबानच्या हाती गेले. कोलंबोच्या करारात बंदूकधारी बाहेर होते, दोहाच्या करारात सरकार बाहेर होते. ज्याच्या संमतीविना शांतता टिकणार नाही, त्यालाच वगळून केलेल्या कराराची हमी परक्या सैन्याला देता येत नाही, हे दोन्ही ठिकाणी सिद्ध झाले.

भारताने घेतलेला बोध

श्रीलंकेतील अनुभवाने भारताचे धोरण बदलले. एप्रिल २००० मध्ये एलिफंट पास लिट्टेच्या हाती पडून जाफन्यातील हजारो श्रीलंकन सैनिक कोंडीत सापडले, तेव्हा कोलंबोने मदत मागूनही भारताने सैन्य पाठविले नाही. जुलै २००३ मध्ये इराकमध्ये सैन्य धाडण्याची अमेरिकेची विनंती अटलबिहारी वाजपेयी सरकारने संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नसल्याच्या कारणावरून नाकारली. संयुक्त राष्ट्रांच्या ध्वजाखाली मात्र भारतीय सैनिक अनेक देशांत कार्यरत राहिले.

कोलंबोजवळच्या श्री जयवर्धनपुरा कोट्टे येथे श्रीलंका सरकारने शांतिसेनेतील हुतात्म्यांचे स्मारक उभारले आहे. एप्रिल २०२५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तेथे पुष्पचक्र अर्पण केले. नवी दिल्लीत २०१९ मध्ये खुल्या झालेल्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात या जवानांची नावे कोरली गेली. त्यांच्या शौर्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. म्हणूनच त्यांना पाठविणाऱ्या निर्णयाची चिकित्सा अधिक कठोर असावी लागते.

परदेशी भूमीवरील प्रत्येक हस्तक्षेप निष्फळ ठरतो, असे १९७१ चा आणि मालदीवचा अनुभव पाहता म्हणता येत नाही. सैन्य निघण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे मात्र लेखी असावी लागतात. ज्यांच्याकडे शस्त्रे आहेत त्यांची संमती आहे काय, काम संपले हे कशावरून ओळखायचे आणि यजमानाचे मत फिरले तर काय करायचे? जुलै १९८७ मध्ये या तिन्हींची उत्तरे भारताकडे नव्हती. शांतिसेनेने मोजलेल्या किमतीचे समर्थन करता येत नाही ते याच कारणासाठी.

ठळक घटनाक्रम

जुलै १९८३ : श्रीलंकेत तामिळविरोधी दंगली, निर्वासित तामिळनाडूत
४ जून १९८७ : जाफन्यावर भारतीय विमानांतून मदतसामग्री
२९ जुलै १९८७ : भारत-श्रीलंका करार
१० ऑक्टोबर १९८७ : ‘ऑपरेशन पवन’चा आरंभ
नोव्हेंबर १९८७ : श्रीलंकेच्या राज्यघटनेत तेरावी दुरुस्ती
नोव्हेंबर १९८८ : उत्तर-पूर्व प्रांतिक परिषदेची निवडणूक
१ जून १९८९ : प्रेमदासा यांची माघारीची मागणी
२४ मार्च १९९० : शांतिसेनेची अखेरची तुकडी परत
२१ मे १९९१ : राजीव गांधी यांची हत्या
१ जानेवारी २००७ : उत्तर व पूर्व प्रांत पुन्हा विभक्त
मे २००९ : लिट्टेचा पाडाव, यादवी युद्धाचा शेवट